दोन आखूड, एक लांब

आमच्या शहराच्या वाद्यवृंदात पंच्याऐंशी वर्षांत एकही काळा माणूस बसला नव्हता. बसला नव्हता म्हणजे वादक म्हणून. खुर्च्या मांडायला, जिने पुसायला, श्रोत्यांचे कोट सांभाळायला आमचीच माणसं होती, आणि ती एक दिवस आली नसती तर त्या लोकांना आपली खुर्ची कुठे असते हेही कळलं नसतं. वर कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असायचं: "आमची काही हरकत नाही हो, पण तुमच्यात त्या तोडीचं वाजवणारं आहे कोण?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

१९७१ साली मी सव्वीस वर्षांची होते. दिवसा शाळेत मुलांना बँड शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये वाजवायचे आणि उरलेला सगळा वेळ ओबो. ओबो दिसायला साधा: काळ्या लाकडाची नळी आणि चांदीच्या कळा. त्याचा सगळा जीव तोंडाशी असलेल्या रीडमध्ये. बोरूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर दोऱ्याने बांधायच्या आणि चाकूने तासत बसायचं. तासभर तासल्यावर एखादी रीड बोलते, नाहीतर कचऱ्यात जाते. माझ्या बोटांवर चाकूचे इतके व्रण होते की आई म्हणायची, "हिचा हात हातात घेणाऱ्याला वाटेल, ही खाटकाकडे कामाला आहे."

मला शिकवलं मिस्टर अल्फॉन्सो टिब्ज यांनी. १९३८ साली त्यांनी याच वाद्यवृंदाला पत्र लिहिलं होतं. पत्राला रंग नसतो, त्यामुळे त्यांना बोलावणं आलं. दारातल्या माणसाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं की जागा सकाळीच भरली. ते जिना उतरत असताना आत पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं गेलं. त्यानंतर एकतीस वर्षं त्यांनी आमच्या शाळेच्या तळघरात पोरांना वाजवायला शिकवलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती जागा मला हवीच होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? संगीतासाठी हवी होती आणि सूड म्हणूनही हवी होती.

मग पडदा आला. आमच्यातल्या दोघा वादकांनी राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार केली, वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली, तेव्हा व्यवस्थापनाने जाहीर केलं की इथून पुढे ऑडिशन पडद्याआड होईल. कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. पत्रकारांना बोलावून त्यांनी पडद्याचे फोटो काढून घेतले. पडद्याचा फोटो पहिल्या पानावर आला. काळ्या वादकाचा फोटो यायचा तेवढा बाकी होता.

त्या वसंतात दुसऱ्या ओबोची जागा रिकामी झाली. मी अर्ज केला आणि मला बोलावणं आलं.

ऑडिशनच्या आदल्या संध्याकाळी माझा मामा, थर्मन, आमच्याकडे आला. मामा त्या सभागृहात सव्वीस वर्षं रंगमंचाचं काम करत होता. शुक्रवार होता, आई मासे तळत होती, आणि मासे तळत असताना मामाने टोपीही न काढता थेट माझ्याकडे यावं हे काही बरं लक्षण नव्हतं.

"लवर्न, तो चाकू खाली ठेव."

"मामा, रीड अर्धवट आहे."

"रीडचंच सांगायला आलोय. बस."

मी बसलेलीच होते. तो बसला.

"आज मी रंगमंचावर गालिचा ठोकत होतो," तो म्हणाला. "त्या पडद्यापर्यंत गालिचा घालायचा असतो. बाई चालली तर टाचांचा आवाज यायला नको म्हणून. तर मी गुडघ्यांवर बसून खिळे मारतोय, आणि हातभरावर विंकलर आणि प्रूइट बोलतायत."

विंकलर हा त्यांचा पहिला, म्हणजे मुख्य ओबोवादक आणि परीक्षकांपैकी एक. प्रूइट वादकांच्या नेमणुका बघायचा.

"विंकलर म्हणतो, आमचे व्हायोलिनवाले थोर आहेत, पण त्यांना एक ओबो दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. मग पडद्यामागचा एलियट त्यांना कळणार कसा?"

एलियट हॅवरस्ट्रॉ म्हणजे विंकलरचा लाडका विद्यार्थी. ते मलाही माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

"मग?"

"मग प्रूइट म्हणाला, खूण ठरवू. तुम्ही लोक सुरू करण्याआधी ती नुसती रीड फुंकून बघता ना, कावळ्याला खोकला झाल्यासारखी? तर एलियट फुंकणार दोन आखूड, एक लांब. वाद्यवृंदाचा संचालक सोडून पाचही परीक्षकांना सांगून ठेवलंय. सहातली पाच मतं पडली की संचालक काय करणार आहे?"

"आणि हे ते तुझ्यासमोर बोलले?"

"पोरी, त्यांच्या लेखी मी आणि सुरांच्या वह्या ठेवायचा तो स्टँड, दोघं सारखेच. स्टँडसमोर कोण आवाज खाली करतं?"

मला हसू आलं नाही. वर्षभर पहाटे उठून मी जे घासत होते, ते सगळं एका कावळ्याच्या खोकल्यापुढे फुकट जाणार होतं.

मामा पुढे झुकला. "आता नीट ऐक. उद्या तू फुंकायचीस. दोन आखूड, एक लांब. विषय संपला."

"म्हणजे मी एलियट हॅवरस्ट्रॉ म्हणून निवडून येऊ?"

"पडदा काढल्यावर कळेल की त्यांना तू कोण ते! त्यांची तोंडं बघायला मी पदरचं तिकीट काढीन."

"आणि मग आयुष्यभर त्याच्या खुणेवर मिळालेल्या खुर्चीत बसू?"

"खुर्ची ती खुर्ची. मी रोज मांडतो, मला विचार. तिच्यावर नाव नसतं. त्यांनी पंच्याऐंशी वर्षं लबाडी केली, तू एक सकाळ केलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"मामा, ते म्हणतात आमच्यात त्या तोडीचं कुणी नाही. मी खूण करून जिंकले तर ते खोटं कसं ठरणार? त्यांचं सोड, माझं मला तरी कळेल का?"

"मग नको करूस," मामा उठला. "सरळ वाजव, सरळ हर, घरी येऊन मासे खा आणि मिस्टर टिब्जसारखी त्या तळघरात म्हातारी हो."

हे मला लागलं. लागावं म्हणूनच तो बोलला होता. आईने आतून ओरडून त्याला टोपी काढायला सांगितलं आणि आम्ही तिघं जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या तळघरातल्या खोलीत आम्ही आठ उमेदवार होतो. टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, मला चार नंबर आला. उरलेली नऊ नंबरची चिठ्ठी प्रूइट वर घेऊन गेला. मिस्टर हॅवरस्ट्रॉ वर विंकलरच्या खोलीत बसले होते, म्हणे त्यांना गारठा सोसत नाही. नियम एवढाच होता की वर गेल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही.

खोलीत जो तो भिंतीकडे तोंड करून सूर घासत होता. करड्या सुटातल्या एकाने मला विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर आलात?"

"माझ्याबरोबर," मी म्हटलं.

तो ओशाळला की नाही कोण जाणे, पण परत बोलला नाही. त्याच्या पलीकडे कोवाल्चिक नावाचा एक आडदांड पोरगा होता, पोलाद कामगाराचा मुलगा. अकरा तास बसने आला होता, आणि त्याच्या रीड्स होत्या डोकेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. कोपऱ्यात डोरीन नावाची बाई, सातवा महिना. तिला श्वास पुरत नव्हता, पण जिथे पुरत होता तिथे ती फार सुंदर वाजवत होती. मागच्या एका शहरात तिचं पोट बघूनच परत पाठवलं होतं, तेही तिने मला दोन मिनिटांत सांगून टाकलं. पडद्यावर तिचाही भरवसा होता.

आणि मला राग आला. रात्रभर मी फक्त माझाच विचार करत होते: खूण करू की नको. ही सगळी गोरी माणसं, निम्म्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नव्हतं, पण त्यांनासुद्धा कुणी मूर्खात काढत होतं. कोवाल्चिक अकरा तासांचा प्रवास करून एक नाटक बघायला आला होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. तो राग आला आणि काय करायचं ते एकदम लख्ख समजलं.

मी टाळी वाजवली. "ऐका. तुम्हाला सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे."

मी खूण सांगितली, ती कुणाची ते सांगितलं आणि ऐकणारा किती जवळ होता तेही सांगितलं.

करडा सूट म्हणाला, "कशावरून? आम्ही सगळ्यांनी ते केलं आणि आम्हाला बाद केलं म्हणजे? तुमचा रस्ता मोकळा."

"माझा रस्ता आत्ताच मोकळा आहे," मी म्हटलं. "माझा नंबर चार. मी गप्प बसले असते, वर जाऊन दोन आखूड एक लांब फुंकलं असतं आणि दुपारी जागा माझी झाली असती. तरी तुम्हाला सांगतेय. आता तुम्हीच ठरवा. सगळ्यांनी केलं तर ती खूण कुणाचीच राहणार नाही, आणि त्या सहा जणांना झक मारत वाजवणं ऐकावं लागेल. तुम्ही नाही केलंत, तर मी एकटी करीन. मग रडत बसू नका."

हे शेवटचं मी खरंच केलं असतं का? मला आजही सांगता येत नाही. पण आवाज कापला नाही एवढं खरं.

कोवाल्चिक आधी हसला. सगळं अंग हलवून हसला. "माझा नंबर एक आहे," तो म्हणाला. "मी तर फुंकणारच. विंकलरसाहेबांना वाटेल, एलियट आज काय सुटलाय!"

डोरीन म्हणाली, "नीट बसवून घेऊ. एक लांब म्हणजे किती लांब?"

आठ जणांनी एकदम रीड ओठांत धरल्या. दोन आखूड, एक लांब. असला भयानक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दार उघडून प्रूइटने डोकं आत घातलं.

"काय चाललंय?"

"रीड तपासतोय, सर," करडा सूट म्हणाला. तेव्हापासून तो मला आवडायला लागला.

वर काय झालं ते मामाने मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की ते मी स्वतः पाहिलंय असंच वाटतं. कोवाल्चिकने खूण केली तेव्हा विंकलर खुर्चीत सैलावला. पहिला व्हायोलिनवाला कान देऊन डोलायलाच लागला. दुसऱ्याने तीच खूण केली तेव्हा विंकलरने मान वर केली. तिसऱ्याला व्हायोलिनवाल्याने डोलणं थांबवून विंकलरकडे पाहिलं, विंकलरने छताकडे. संचालक मधोमध बसलेला, बोलायची सोय नाही. नऊ जण ऐकून झाल्यावर प्रत्येकाने एकच नंबर चिठ्ठीवर लिहायचा होता. कोपऱ्यात उभा प्रूइट रुमालाने मान पुसत होता, कारण नववा कोण हे त्याला माहीत होतं आणि ते सांगायला त्याला सगळं सभागृह ओलांडून जावं लागलं असतं.

चौथी मी. मामा मला जिन्यावरून पडद्यापर्यंत घेऊन गेला. आधीच्या तिघांनी तीच खूण का केली ते त्याला कळलेलं नव्हतं. मी खूण केली तेव्हा त्याचा चेहरा खुलला, आणि मी मान हलवली: नाही मामा, तुला वाटतंय तसं नाही. मग मी वाजवलं. संथ सुरावट होती. तिच्यात लपायला जागा नसते, श्वास चोरला की लगेच उघडं पडतं. आमच्या चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा म्हातारा डीकन एक ओळ गायचा आणि पुढची ओळ येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. मी ती शांतता तिथे ठेवली. त्यांच्या सभागृहात, त्यांच्या सुरावटीत, आमची शांतता. वाजवताना मला भीती वाटली नाही. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पाचवी, सहावा, सातवी, आठवा. तीच खूण. शेवटी एलियट हॅवरस्ट्रॉ पडद्यामागे गेला, दोन आखूड, एक लांब, आणि बिचाऱ्याला कळलंच नाही की परीक्षकांमधलं कोण का हसलं.

अर्ध्या तासाने प्रूइट खाली आला. "नंबर चार?"

मी उभी राहिले. तो माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला.

"तीच," कोवाल्चिक म्हणाला.

"चिठ्ठी बघू."

मी चिठ्ठी दाखवली. ती त्याने उलटी करूनही बघितली. मग तो वर गेला, आणि त्याच्यामागून मी. माझ्यामागून डोरीन, कोवाल्चिक, करडा सूट, सगळेच. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

सभागृहात सहा जण सहाव्या रांगेत बसले होते. पाच चिठ्ठ्यांवर चार लिहिलं होतं, एकीवर नऊ. हे मी त्या लोकांच्या बाजूने सांगते. कान त्यांचे चांगलेच होते. वापरत नव्हते एवढंच.

विंकलर उठला. मला बघून त्याचा चेहरा आंबट झाला होता. "ही ऑडिशन रद्द करावी लागेल. गैरप्रकार झाला आहे."

"कसला?" मी विचारलं.

"सगळ्यांनी एकच..." तो थांबला.

"एकच काय, मिस्टर विंकलर?"

"रीड तपासायची नसते का?" डोरीनने पोटावर हात ठेवून अगदी भोळेपणाने विचारलं.

"मिस्टर प्रूइट, तुमच्या खिशात पेन आहे," मी म्हटलं. "काय गैरप्रकार झाला तो कागदावर लिहा. सगळ्यांनी काय केलं आणि ते चुकीचं का आहे, सगळं लिहा. आम्ही आठही जण खाली सही करतो. मग तो कागद आपण आयोगाकडे नेऊ, पडद्याच्या फोटोसकट."

प्रूइटने पेनाला हातही लावला नाही. एलियट हॅवरस्ट्रॉ बाजूच्या दारात उभा होता, त्याचे कान लालबुंद झाले होते.

संचालक युरोपातून आलेला, उंच आणि भलताच गर्विष्ठ माणूस होता. त्याला खूण माहीत नव्हती, पण तो मूर्ख नव्हता. त्याने विंकलरकडे इतका वेळ पाहिलं की विंकलर खाली बसला. मग तो माझ्याकडे वळला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "मिस, एकदाच वर या. पडदा नको. एखादी लहानशी सुरावट. तुम्ही आमच्यात कशा शोभाल ते मला पाहायचं आहे."

रंगमंचावर मामा गालिच्याचे खिळे उपटत होता. त्याचा हात थांबला. मला त्याचं म्हणणं न विचारताच कळलं: वाजव पोरी, एवढ्यासाठी अडू नकोस. आणि मी वर गेले असते तर वाजवलंही असतं, मघाच्यासारखंच. पण मग त्यांनी डोळ्यांनी ऐकलं असतं. कुठेतरी काहीतरी त्यांना कमी दिसलं असतं, आणि मी पुन्हा जिना उतरले असते.

"नाही," मी म्हटलं. "ऐकायचं ते तुम्ही ऐकलंत, आणि आपल्या हाताने लिहिलंत. मला पाहायचं असेल तर सोमवारी दहा वाजता तालमीला पाहा. दुसऱ्या ओबोच्या खुर्चीत असेन."

संचालकाच्या हातात त्याचीच चिठ्ठी होती, त्याच्याच अक्षरातला चार. आता नाही म्हणायचं तर आपल्या कानांनी चूक केली असं त्याला चारचौघांत कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढा नम्र तो नव्हता.

"मिस्टर प्रूइट," तो म्हणाला, "करार आणा."

प्रूइटने करार आणला. पहिलं वर्ष परीक्षेचं, त्यानंतर पुन्हा मत. ते वाचून मी म्हटलं, "लिहून घ्या." सकाळपासून मी नुसती चार होते. आता त्याने पेन उघडलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव?"

"लवर्न एस्टेल ओग्लेट्री," मी म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, इतक्या मोठ्याने.